गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : तिशीपुढच्या प्रत्येक बाईने तपासणी का करावी? धाराशिवच्या गावांनीच जगाला दिलंय उत्तर. वाचा संपूर्ण माहिती

धाराशिव : "दुखत नाही, खुपत नाही, मग तपासणी कशाला?" आशाताई दारात आली की बहुतेक घरांतून हेच उत्तर मिळतं. पण गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, म्हणजेच गर्भाशयमुखाचा कर्करोग, सुरुवातीला दुखतही नाही आणि खुपतही नाही. दुखायला लागतो तेव्हा बहुतेक वेळा तो पुढे गेलेला असतो. म्हणून दुखणं नसतानाच तपासणी करायची असते.

जगभरातल्या 2022 सालच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे 80 हजार बायका त्यात दगावल्या. खरं तर वेळेवर सापडला तर पूर्ण बरा होणारा, एवढंच नाही तर होण्याआधीच थांबवता येणारा हा आजार आहे. आणि ही गोष्ट सिद्ध करण्यात आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांचा मोठा वाटा आहे. तो कसा, ते पुढे वाचा.

हा आजार होतो कशामुळे?

गर्भपिशवीचं तोंड जिथे योनीमार्गात उघडतं, त्या जागी हा कॅन्सर होतो. त्याचं मुख्य कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. तो शरीरसंबंधातून पसरतो. हे वाचून कुणी गैरसमज करून घेऊ नये. लग्न झालेल्या, संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतोच. त्याचा कुणाच्या चारित्र्याशी संबंध जोडणं चुकीचं आहे.

दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही जणींमध्ये मात्र तो मुक्काम ठोकतो. मग गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलापासून कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. शरीराची प्रतिकारशक्ती कमी असेल तर 5 ते 10 वर्षांतही होऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या बायकांना हा धोका सहा पट असतो, म्हणून त्यांनी 25 व्या वर्षापासूनच तपासणी सुरू करावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती लवकर लवकर करावी.

कमी वयात लग्न, कमी वयात आणि जास्त बाळंतपणं, धूम्रपान यांनीही धोका वाढतो.

म्हणजे कॅन्सर होण्याआधी आपल्या हातात बरीच वर्षं असतात. त्या काळात बदललेल्या पेशी सापडल्या, तर तेवढा भाग छोट्या उपचाराने काढता येतो किंवा जाळता येतो. मग पुढचा कॅन्सर टळतो.

तपासणी कोणकोणत्या प्रकारची असते?

1) व्हीआयए तपासणी : सरकारी उपकेंद्र आणि पीएचसीत साधारणपणे हीच होते. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावतात आणि एक मिनिट थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तो भाग पांढरा दिसतो. निकाल तिथल्या तिथे कळतो. स्वस्त आहे, लॅब लागत नाही. पण सगळी भिस्त तपासणाऱ्या सिस्टरच्या नजरेवर आणि तिच्या ट्रेनिंगवर असते. पाळी कायमची गेलेल्या बायकांत तपासायचा भाग आत सरकतो, त्यामुळे त्यांच्यासाठी ही तपासणी तितकी भरवशाची राहत नाही.

2) पॅप तपासणी : गर्भाशयमुखाच्या पेशी ब्रशने घेऊन काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यासाठी जाणकार तज्ज्ञ लागतो आणि रिपोर्टला दिवस लागतात.

3) एचपीव्ही तपासणी : विषाणू आहे की नाही हे मशीनवर तपासतात. सगळ्यात भरवशाची तपासणी हीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 सालच्या मार्गदर्शनात हिलाच पहिली पसंती दिली आहे. यात बाई स्वतःच आडोशाला जाऊन नमुना घेऊ शकते, त्यामुळे लाजेचा प्रश्न बराच कमी होतो. पुण्याच्या मायलॅबने आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने या तपासणीचे देशी किट तयार केले आहेत. मोलबायोचं ट्रूनॅट मशीन टीबीच्या तपासणीमुळे अनेक सरकारी दवाखान्यांच्या ओळखीचं आहे.

धाराशिवच्या गावांत काय सिद्ध झालं?

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचं नाव आपल्या भागात नवं नाही. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणारी देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली तिथेच सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन माणसांशी बोलत. नुसत्या या बोलण्यानेही फरक पडला. आजार पुढे जाण्याआधीच दवाखान्यात येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं.

पुढे 1999 साली याच हॉस्पिटलने मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांच्यासोबत मोठा अभ्यास हाती घेतला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 497 गावं त्यात होती. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 निरोगी बायकांचे चार गट करण्यात आले. एका गटाला एचपीव्ही, दुसऱ्याला पॅप आणि तिसऱ्याला व्हीआयए तपासणी एकदाच देण्यात आली. चौथ्या गटाला माहिती आणि नेहमीच्या आरोग्यसेवा मिळाल्या, वेगळी तपासणी नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवलं यावर पुढे टीकाही झाली.

आठ वर्षं या बायकांवर लक्ष ठेवण्यात आलं. निकाल 2009 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एचपीव्ही गटातल्या 34,126 बायकांपैकी 34 जणी या कॅन्सरने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात 31,488 बायकांपैकी 64 जणी दगावल्या. म्हणजे एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्यांचा एचपीव्ही रिपोर्ट निगेटिव्ह होता, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या कॅन्सरने गेली नाही.

एकदाच केलेल्या व्हीआयए आणि पॅपने मात्र या अभ्यासात मृत्यू फारसे कमी झाले नाहीत. मग व्हीआयए निरुपयोगी आहे का? तसं नाही. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात एकदा केलेल्या व्हीआयएनेही मृत्यू 35 टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तिथे तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचं ट्रेनिंग घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. यातून धडा एवढाच : व्हीआयए चांगल्या हाताने झाली पाहिजे आणि ती पुन्हा पुन्हा झाली पाहिजे. एकदा निगेटिव्ह आली म्हणजे जन्माची सुटका झाली असं समजू नये.

"बाया येतच नाहीत" हे खरं आहे का?

खेड्यातल्या बायका अशा तपासणीला तयार होत नाहीत, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. आपल्या जिल्ह्याचा आकडा वेगळं सांगतो. त्या अभ्यासात एचपीव्ही तपासणीसाठी बोलावलेल्या दहापैकी जवळपास आठ बायका आल्या. पंचवीस वर्षांपूर्वी, हातात मोबाईल नसताना, शेतातली कामं सांभाळून आल्या. त्यांना घरी जाऊन समजावण्यात आलं होतं, तपासणी गावाजवळ होती आणि पुढचा उपचारही ठरलेला होता.

आता दुसरा आकडा बघा. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी फक्त 1.7 टक्के बायकांनी ही तपासणी कधी तरी केली होती. म्हणजे हजारात 17. शहरातही फार नाही, 2.2 टक्के. सरकारी नियमाप्रमाणे 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी.

दहापैकी आठ आणि हजारात सतरा, यातला फरक बायकांच्या लाजेचा नाही. त्यांच्यापर्यंत तपासणी कशी पोहोचते, याचा आहे. दूरचा दवाखाना, बुडणारी मजुरी, पुरुष डॉक्टर असेल ही भीती, खोलीला धड पडदा नसणं आणि "पॉझिटिव्ह आलं तर पुढे कोण बघणार?" ही धास्ती, एवढ्या गोष्टी दूर झाल्या की बायका येतात.

तपासणीच्या दिवशी काय होतं?

पाळी चालू असताना जाऊ नका. पाळी संपल्यावर जा. आधीचे दोन दिवस योनीमार्गात कुठलंही औषध ठेवू नका आणि शरीरसंबंध टाळा. गरोदर असाल तर सिस्टरला आधीच सांगा. बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांनी तपासणी करता येते.

उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात आधी वय, पाळी, बाळंतपणं, त्रास याची माहिती विचारतात. मग टेबलावर झोपवून एका छोट्या उपकरणाने योनीमार्ग थोडा उघडतात आणि आत बघतात. भूल लागत नाही, कापाकापी नसते. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, द्रावणाने किंचित चुरचुरतं. पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं आणि त्याच दिवशी कामावर जाता येतं.

सोबत सासूबाई, जाऊ, मैत्रीण कुणालाही न्या. "तपासणी करणाऱ्या बाईच आहेत ना?" हे विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. त्याच दिवशी तोंडाची आणि स्तनांचीही तपासणी करून घ्या. मिसरी, तंबाखूची सवय असेल तर तोंडाची तपासणी नक्कीच करा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? घाबरू नका, पिशवी काढायची घाई करू नका

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढे नीट बघायची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ. सूज किंवा साध्या जंतुसंसर्गामुळेही व्हीआयएत पांढरं दिसू शकतं. अशा बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवतात. तिथे दुर्बिणीने गर्भाशयमुख मोठं करून बघतात. गरज वाटली तर छोटा तुकडा तपासायला घेतात.

कॅन्सरआधीचा बदल सापडला तर बहुतेक वेळा तेवढा भाग उष्णतेने जाळतात किंवा अतिथंड करून नष्ट करतात. काही वेळा तेवढाच भाग कापून काढतात. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी येतात. नंतर काही आठवडे अंगावरून पाण्यासारखं जातं आणि डॉक्टर साधारण महिनाभर शरीरसंबंध टाळायला सांगतात. वर्षभराने पुन्हा तपासणी करायची असते, ती चुकवू नये.

इथे एक धोक्याची सूचना. "अंगावरून पांढरं जातंय, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" अशी भीती घालून ऑपरेशन करण्याचे प्रकार आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात उघड झाले. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार तिथल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त महिलांची गर्भपिशवी काढलेली होती. पांढरं जाणं हे बऱ्याचदा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. कॅन्सरआधीच्या बदलासाठीसुद्धा सहसा पूर्ण पिशवी काढावी लागत नाही. कुणी लगेच ऑपरेशन सांगितलं तर तपासणीचा लेखी रिपोर्ट मागा आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांनी ऑपरेशनचे कागद सिस्टरला दाखवावेत. पिशवीचं तोंड ठेवलेलं असेल तर तपासणी करावीच लागते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी काय करावं?

दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात आणि परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. कारखान्यावर गेल्यावर तपासणी आणि पुढचा उपचार, दोन्ही लांबतात. म्हणून तपासणी पावसाळ्यातच, निदान दसऱ्याच्या आधी महिना-दीड महिना करून घ्या. म्हणजे पॉझिटिव्ह आलं तरी निघण्याआधी पुढचा उपचार उरकता येईल. रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तो कुठल्याही जिल्ह्यात कामी येतो.

ही लक्षणं असतील तर शिबिराची वाट बघू नका

- शरीरसंबंधानंतर रक्त जाणं
- दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं
- पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं
- घाण वासाचं, रक्तमिश्रित पाणी जाणं
- ओटीपोटात, कमरेत सतत दुखणं, एका पायाला सूज येणं

यातलं काहीही असेल तर वय कितीही असो, थेट ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. पाळी गेल्यावर दिसलेलं रक्त म्हणजे "पाळी परत आली" असं समजून गप्प बसणं महागात पडतं.

खर्चाचं काय?

सरकारी केंद्रातली व्हीआयए तपासणी मोफत असते. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडे रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन जा. चौकशीसाठी 155388 हा टोल फ्री नंबर आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच.

मुलींसाठी लस

एचपीव्हीची लस 9 ते 14 वयाच्या मुलींना दिली तर सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण ती विषाणू लागण्याआधी घ्यायची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लस जानेवारी 2023 मध्ये आली. लस कधी आणि कुठे मिळेल, हे पीएचसीत किंवा शाळेत विचारा. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायची असते, कारण लस सगळ्या प्रकारच्या विषाणूंपासून संरक्षण देत नाही. लेकीला लस आणि आईला तपासणी, अशी घराची वाटणी लक्षात ठेवा.

ग्रामपंचायतीने आणि बचत गटांनी करण्यासारखं

जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंत 70 टक्के बायकांची तपासणी झाली पाहिजे असं ध्येय ठेवलं आहे. ते गावातूनच गाठलं जाईल. त्यासाठी फार पैसा लागत नाही :

- महिला ग्रामसभेत विषय घ्या आणि उपकेंद्राकडून तपासणीची तारीख लेखी मागून घ्या.
- आतून कडी लागणारी खोली, पडदा, टेबल, चांगला उजेड आणि पाणी एवढी सोय बघा.
- तारीख पेरणी-काढणीच्या आणि बाजाराच्या दिवशी ठेवू नका.
- बचत गटातल्या दहा जणींनी एकत्र जावं. एकटीची लाज दहा जणींत राहत नाही.
- पॉझिटिव्ह आलेल्या बाईचं नाव गावात फुटता कामा नये. नोंदीत नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर न देता ती सांगेल तोच नंबर लिहावा.
- मोठ्या दवाखान्यात पाठवलेली बाई खरंच पोहोचली का, याचा आशाताईने पाठपुरावा करावा. गरज पडली तर ग्रामपंचायतीने गाडीची सोय करावी.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. शिबिर झालं, फोटो निघाले, पण पॉझिटिव्ह आलेली बाई उपचाराविना घरीच राहिली, तर त्या तपासणीचा तिला काहीच उपयोग नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- वय 30 ते 65 : दर पाच वर्षांनी तपासणी. शक्य असेल तिथे एचपीव्ही तपासणी मागा.
- पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, पण पुढची तपासणी चुकवू नका.
- दुसरं मत घेतल्याशिवाय पिशवी काढू नका.
- पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

घरातल्या पुरुषांनीही एवढं करावं : ही बातमी आई, बायको, बहीण, वहिनी यांना वाचून दाखवावी आणि तपासणीच्या दिवशी "स्वयंपाकाचं, गुराढोरांचं मी बघतो, तू जाऊन ये" असं म्हणावं. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला जे शिकवलं, त्याचा फायदा आता त्यांच्याच लेकी-सुनांना मिळायला हवा.